एवढ्याशा कपलरपायी

आमच्या गाडीला रात्री सोबत लागते, हे गेल्या श्रावणात घरात सर्वमान्य झालं होतं. जेवणं आटोपली की मी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीला चार्जिंगची गन लावायचो, हिरवा दिवा लुकलुकायला लागला की वर यायचो आणि निर्धास्त झोपायचो. सकाळी पाहावं तर काल रात्री 31 टक्के असलेली बॅटरी आज 34 टक्के! गन नुसती हातात धरून जराशी डावीकडे दाबली की गाडी मुकाट्याने चार्ज व्हायला लागे. हात काढला की पाच-दहा मिनिटांत पुन्हा बंद. ‘‘तिला एकटं वाटतंय,’’ असं निदान करून ही मोकळी झाली आणि तिने मला बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची काढून दिली. वाचकांना खोटं वाटेल, पण लागोपाठ दोन रात्री मी त्या खुर्चीवर, एका हाताने गन धरून, पावसाची झड अंगावर घेत बसलो होतो. वॉचमन दर तासाला येऊन ‘‘काय सर, अजून पाजताय?’’ असं विचारून जात होता.

दुसऱ्या दिवशी ताईला फिजिओथेरपीला न्यायचं होतं, म्हणून हा खटाटोप. आठवड्यातून दोनदा तिला न्यावं लागतं आणि रिक्षात तिला चढता येत नाही. नाहीतर मी गाडी उभी करून ठेवली असती.

इलेक्ट्रिक गाडी घेऊन आम्हाला तीन वर्षं झाली. घेतली तेव्हा मी येईल-जाईल त्याला तिचे गुण ऐकवत असे. धूर नाही, आवाज नाही, ऑइल बदलायला नको, प्लग साफ करायला नको. ‘‘मुख्य म्हणजे आता मेकॅनिकचं तोंड बघायला नको,’’ हे माझं ठेवणीतलं वाक्य. ते माझ्या अंगावर कसं उलटलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

सर्व्हिस सेंटर झकपक. थंडगार हवा, कागदी कपात कॉफी, सोफ्यावर बसल्या-बसल्या काचेतून गाड्या दिसतात. दोन तासांनी एक नम्र तरुण आला आणि त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. मागच्या चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं की चार्जिंगच्या तोंडाची मागची बाजू दिसते. तिथे काड्यापेटीएवढा एक काळा कनेक्टर अर्धवट सुटून लोंबत होता. त्याच्या लॉकची पट्टी तुटलेली, आणि आतली एक पिन मागे सरकून हिरवी पडलेली.

‘‘एवढंच ना? मग बदलून टाका,’’ मी म्हणालो.

‘‘तो सुटा येत नाही, सर. तो केबलच्या सेटमध्येच येतो. पूर्ण सेट बदलावा लागेल.’’

एस्टिमेट आलं 41 हजार 300 रुपयांचं. माल यायला तीन ते चार आठवडे. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी दीडच महिन्यापूर्वी संपलेली होती, हे वेगळं सांगायला नकोच. बाहेर कुठे दुरुस्त करून घेतला तर, असं मी विचारलं तेव्हा तो तरुण कावराबावरा झाला. बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी आहे ना, ती मग धोक्यात येऊ शकते, म्हणाला. हे मला लेखी द्याल का? तसं लेखी देता येत नाही, सर. त्या मुलाचा मला राग आला नाही. जे छापील यादीत आहे तेच तो विकू शकत होता, आणि यादीत काड्यापेटी नव्हती.

पट्टी कोणी तोडली, हे मला आजही ठाऊक नाही. मध्यंतरी एका स्कूटरने गाडी घासली होती, तेव्हा रंगकाम झालं होतं. कोणीतरी घाईत लॉक न दाबताच ओढला असेल. किंवा उन्हाने आणि चाकाच्या धक्क्यांनी प्लॅस्टिकच कडक होऊन मोडलं असेल. पुरावा नाही, तेव्हा दोषही नाही.

पण एवढ्याशा तुकड्यावाचून एवढी मोठी गाडी का अडावी? मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, मला ते समजून घेतल्याशिवाय चैन पडेना. आपली समजूत अशी असते, की भिंतीतल्या प्लगमधून वीज निघाली आणि गाडीत शिरली. तसं नसतं. चार्जर आणि गाडी आधी एकमेकांशी बोलतात. गन खोचली नसते तेव्हा चार्जर एका बारीक तारेवर 12 व्होल्ट देऊन नुसता वाट पाहत असतो. गन खोचली की गाडीतल्या एका रेझिस्टरमुळे ते 9 व्होल्टवर येतात. म्हणजे ‘मी आले’. मग चार्जर त्याच तारेवरून सेकंदाला एक हजार ठोके पाठवू लागतो आणि त्या ठोक्यांच्या रुंदीवरून आपण किती करंट देऊ शकतो ते सांगतो. गाडीची तयारी झाली की ती ते व्होल्टेज 6 वर आणते. म्हणजे ‘दे’. त्यानंतरच चार्जरमधला जाड संपर्क जोडला जातो आणि 230 व्होल्टचा खरा प्रवाह सुरू होतो. बोलणं मध्येच तुटलं तर चार्जर ‘गाडी गेली’ असं समजून तत्क्षणी पुरवठा तोडतो. पावसात भिजलेल्या हाताने कोणी गन उपसली तर शॉक बसू नये, म्हणून ही योजना. आमच्या गाडीत हे बोलणं ज्या तारेवरून चालतं, तिचीच पिन मागे सरकली होती. गन डावीकडे दाबली की ती पुढच्या पिनेला कशीबशी टेकायची. गाडीला सोबत नको होती. तिचा आवाज चार्जरपर्यंत पोचत नव्हता.

निदान कळलं. वैद्याकडे जाणं अवघड होतं, आणि कारण पैशाचं नव्हतं.

सातारा रस्त्याला लागून आमच्या वसाहतीच्या मागे एक पत्र्याचं दुकान आहे. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिकल वर्क्स – डायनॅमो, स्टार्टर, वायरिंग’. मी जुनी पद्मिनी घेतली तेव्हापासून हे मिस्त्री माझी गाडी पाहत आले. थंडीच्या दिवसांत सकाळी पद्मिनी नुसती कण्हायची. त्यांनी एका रविवारी तिचा स्टार्टर उतरवला, आर्मेचर नव्याने भरलं, आणि पुढची सात वर्षं तिने मला कॉलेजच्या वेळेला कधी दगा दिला नाही. पद्मिनीनंतरच्या दोन गाड्यांचंही त्यांनीच केलं. हेडलाइट मंद झाला की मिस्त्री, हॉर्न आपोआप वाजायला लागला की मिस्त्री. आणि इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर तीन वर्षांत मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. रस्त्यात दिसले की मी हात करायचो, तेही करायचे. गाडी घेतल्याचे पेढेसुद्धा मी त्यांना दिले नव्हते. कोणत्या तोंडाने द्यायचे? नव्या गाडीत स्टार्टर नाही, डायनॅमो नाही; पाटीवरच्या तीनांपैकी दोन गोष्टींना तिच्यात जागाच नव्हती. विजेचीच गाडी आली आणि गाड्यांच्या वीजमिस्त्रीचा धंदा बसला, हा विनोद मला सुचला होता, पण त्यांच्यासमोर करण्यासारखा नव्हता.

या विनोदाला एक जुना उलटा जोड आहे, तो इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या गाड्या भरपूर होत्या. पेट्रोलची गाडी चालू करायची तर समोर उभं राहून हँडल मारावं लागे, आणि ते उलट फिरलं तर मनगट मोडे. त्यामुळे शहरातली सुखवस्तू मंडळी, विशेषतः स्त्रिया, विजेची गाडी पसंत करत. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा नवऱ्याच्या कारखान्यातली गाडी सोडून डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची! 1912 साली चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला, हँडल गेलं, आणि विजेच्या गाडीचा मोठा आधारच गेला. पेट्रोल स्वस्त होतं, फोर्डच्या गाड्या त्याहून स्वस्त होत होत्या. उरलंसुरलं काम त्यांनी केलं. ज्या स्टार्टरने तेव्हा विजेच्या गाडीला रस्त्यावरून हटवलं, त्याच स्टार्टरवर आमच्या मिस्त्रींचा संसार झाला. आता शंभर वर्षांनी तीच गाडी परत आली होती, आणि तिने आधी स्टार्टरचाच हिशेब चुकता केला होता.

तरी गेलो. मिस्त्री स्टुलावर बसून एका टेम्पोचा अल्टरनेटर घासत होते. मला पाहून त्यांनी शेजारचं स्टूल फडक्याने पुसलं.

‘‘या सर. वहिनी बऱ्या आहेत ना?’’

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटो मोठा केला आणि हसले. ‘‘हा तर कपलर!’’ सर्व्हिस सेंटरमध्ये ज्याचं नाव इंग्रजीत सहा शब्दांचं होतं, ते मिस्त्रींच्या तोंडून दोन सेकंदांत आपल्या घरी आलं. पण लगेच गंभीर झाले. ‘‘कपलर मी बसवीन. पण ह्याच्या शेजारी ह्या नारिंगी केबली दिसतायत, त्या मला ठाऊक नाहीत. मी बारा व्होल्टचा माणूस. पोराला येऊ द्या रविवारी.’’

मुलाने आयटीआय केलं आणि वडिलांच्या दुकानात बसायला नकार दिला, ही हकीगत मला माहीत होती. तेव्हा मिस्त्रींचं जेवण चार दिवस तुटलं होतं. तो आता इलेक्ट्रिक बसच्या डेपोत कामाला आहे, हे मात्र मला नव्याने कळलं. रविवारी तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत जाड रबरी हातमोज्यांची जोडी होती. तिच्यावर 1000 व्होल्टचा आकडा होता.

‘‘काका, आधी गन काढा, चार्जरचा प्लगही भिंतीतून काढा. गन लावलेली असताना ह्या तोंडाच्या मागे 230 व्होल्ट असतात.’’ मग त्याने बॉनेट उघडून साध्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. इलेक्ट्रिक गाडीतही आपली नेहमीची 12 व्होल्टची बॅटरी असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. दिवे, वायपर आणि गाडीची सगळी डोकी तिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीला तोडण्यासाठी एक वेगळा प्लग असतो, तोही त्याने हातमोजे घालून उपसला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. ‘‘खिशात का रे?’’ मिस्त्रींनी विचारलं. ‘‘आपण आत हात घातलेला असताना दुसऱ्या कोणी परत लावू नये म्हणून.’’ मिस्त्रींनी मान डोलावली. मग आम्ही तिघे पंधरा मिनिटं नुसते थांबलो. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, ती उतरू द्यावी लागते. मिस्त्रींच्या दुकानात काम सुरू होण्याआधी कोणी पंधरा मिनिटं स्वस्थ बसल्याचं मी प्रथमच पाहिलं. चहा झाला. मग मुलाने मीटर लावून वीज नसल्याची खात्री केली. नारिंगी रंग म्हणजे उच्च दाबाची केबल, आमच्या गाडीत तीनशे व्होल्टच्या वरचा दाब. घरच्या घरी तिथे बोट घालू नये, एवढं मी वाचकांना बजावून सांगतो. मुलाने त्या केबलींवर रबराची चादर टाकली आणि म्हणाला, ‘‘बाबा, आता तुमचं.’’

कपलर आधीच आणलेला होता. शनिवारी मिस्त्री मला स्कूटरवर मागे बसवून नाना पेठेत घेऊन गेले होते. तिथल्या एका दुकानात छतापासून जमिनीपर्यंत नुसते कपलर टांगलेले, दोऱ्यात ओवलेल्या सुक्या बोंबलांसारखे. मिस्त्रींनी फोटोतल्या कपलरवरचा उठावाचा नंबर कागदावर उतरवून घेतला होता. त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मोटार कंपन्या कपलर स्वतः बनवत नाहीत. ते बनवणाऱ्या कंपन्या निराळ्या, जगभरात पसरलेल्या. त्या एकाच साच्याचा माल अनेक गाड्यांना पुरवतात. तेव्हा माझ्या गाडीच्या यादीत जो सुटा येत नव्हता, तोच कपलर एका पेट्रोल गाडीच्या हेडलाइटला होता, आणि शेपटीच्या तारांसकट मिळाला 180 रुपयांना. सहा जादा पिना आणि रबरी बुचं मिळून 90.

आता मिस्त्रींनी शर्टाच्या खिशातून त्यांचं हत्यार काढलं. छत्रीची काडी, कापून आणि कानशीने घासून सपाट केलेली. कपलरच्या आत प्रत्येक पिनेला एक इवलीशी जीभ धरून असते. समोरून काडी सरकवून ती जीभ दाबली की पिन तारेसकट मागून अलगद बाहेर येते. जोर लावला तर जीभ मोडते, मग सगळंच संपलं. एक एक तार ते काढत आणि लगेच नव्या कपलरच्या त्याच घरात बसवत. एका वेळी दोन तारा मोकळ्या ठेवायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. मुलगा मोबाइलवर सर्किटचं चित्र उघडून बसला होता, पण त्याला ते बघायची वेळच आली नाही.

पाच तारा सुरळीत गेल्या. सहावी, ती बोलणारी तार, हिरवी पडलेली. तिच्या मागचं रबरी बूच सरकल्यामुळे पाणी शिरलं होतं. मिस्त्रींनी पिन कापली, तार सोलली, आत तांबं लखलखीत लागेपर्यंत बोटभर मागे आले, आणि सवयीने कथील-इस्त्रीकडे हात नेला.

‘‘बाबा, झाळायचं नाही. क्रिम्प.’’

‘‘तीस वर्षं झाळतोय मी.’’

‘‘म्हणूनच त्या तारा झाळीच्या कडेलाच तुटायच्या.’’

दुकानात शांतता पसरली. मी चहाचा रिकामा कप पुन्हा उचलला. मुलाने आवाज खाली आणून सांगितलं, की कथील तारेत वर चढतं, तेवढी तार काडीसारखी ताठ होते. गाडी हादरली की जिथे ताठ संपतं आणि मऊ सुरू होतं, नेमकी तिथे ती मोडते. नीट दाबून बसवलेल्या पिनेत तसं होत नाही. मिस्त्रींनी ती तार थोडा वेळ बोटांत फिरवली. त्यांना कदाचित कुठल्या तरी टेम्पोच्या, कुठल्या तरी पद्मिनीच्या तारा आठवत असाव्यात. मग म्हणाले, ‘‘आण तुझी पक्कड.’’ आधी तारेवर रबरी बूच चढवलं, मग पिन. पक्कड त्यांनीच चालवली. दाबल्यावर तार ओढून पाहिली, दोनदा. मग पिन घरात सरकवली आणि ऐकू आलं ते ‘टक’. नंतर वरचं दुसरं लॉक. मग दोन्ही अर्धे एकमेकांत, आणखी एक ‘टक’, जरा जाड आवाजाचं. मिस्त्री म्हणाले, कपलरचं काम कानाने कळतं.

प्लग परत बसले, बॅटरी जोडली, गन लावली. हिरवा दिवा लागला. कोणी गन धरून उभं नव्हतं. अर्धा तास आम्ही तिघेही गाडीकडे पाहत बसलो, आणि दिवा लुकलुकत राहिला.

सुट्या भागांच्या या तक्रारी आजच्या नाहीत. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणं, हाच त्यातला मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्या डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू केलं. त्यात मोटारगाड्याही आहेत. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या रविवारी माझ्या मनात दुसराच हिशेब चालू होता. मुलगा नसता तर मिस्त्रींनी नारिंगी केबलींच्या शेजारी हात घालायचं नाकारलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. मिस्त्री नसते तर मुलाला नाना पेठेतलं ते दुकान आणि छत्रीची काडी कुठे ठाऊक होती? डेपोत आम्हीही अख्खा सेटच बदलतो काका, असं तो मला म्हणालाच.

मिस्त्रींनी बिल सांगितलं 850 रुपये, मालासकट. मी जास्त देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मग मी आणलेला पेढ्यांचा पुडा पुढे केला. तीन वर्षांचा उशीर झाला होता. ‘‘गाडीचे का?’’ त्यांनी विचारलं आणि एक उचलला.

मी गाडीत बसणार, तोच ते म्हणाले, ‘‘सर, एक मिनिट थांबता? हिची मोटर कुठंय?’’

मुलाने बॉनेटखाली बोट दाखवलं. मिस्त्री वाकले, मग गोणपाट टाकून चक्क आडवे झाले आणि टॉर्च मारून खालून बघत राहिले.

‘‘आत वाइंडिंग आहे ना रे?’’ गाडीखालून आवाज आला.

‘‘आहे बाबा. तांब्याचंच. पण ती उघडायची नाही हां.’’

‘‘उघडत नाही. बघतोय नुसतं.’’

पाच मिनिटं झाली तरी ते बाहेर आले नाहीत. मी इंजिन बंद करायला गेलो, आणि ते चालूच नव्हतं.